‘दुबळ्यांना मारून खाल्लं’ म्हणे! अँडीजच्या फॉरवर्डला उत्तर

धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. केळीच्या भावाच्या ग्रुपवर आला, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आला, गल्लीतल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: १९७२ साली दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात विमान पडलं. त्यातल्या धट्ट्याकट्ट्या रग्बी खेळाडूंनी दुबळ्या, जखमी प्रवाशांना मारून खाल्लं आणि स्वतः जगले. पन्नास वर्षं हे पाप दडवलं, आणि आता म्हातारपणी एकेक जण कबुली देतोय. वर पुस्ती अशी की जवळच हॉटेल होतं, पण या लोकांनी डोकं चालवलं नाही. आणि आता त्याच गोष्टीवर पैसे कमावतात. शेवटी जोडलेले हात.

खाली एकाने अहिराणीत विचारलं, ‘मानूस मानूसले खास का रे भो?’ प्रश्न रास्त आहे. त्या डोंगरावर खाल्लं, हे खरं आहे, आणि ज्यांनी खाल्लं त्यांनीच ते सांगितलंय. मेसेजमधलं बाकी बहुतेक सगळं मात्र कुणीतरी मीठमसाला लावून रचलेलं आहे.

आधी ‘पन्नास वर्षं दडवलं’ हे घेऊ, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलाय. विमान पडलं १३ ऑक्टोबर १९७२ ला. हेलिकॉप्टरने माणसं खाली आणली २२ आणि २३ डिसेंबरला. चिलीच्या वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली २६ डिसेंबरला. आणि २८ डिसेंबरला उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे, ज्या शाळेत ही मुलं शिकली त्याच शाळेत, पत्रकार परिषद झाली. तिथे आल्फ्रेदो देल्गादो या त्यांच्यातल्या एकाने सगळ्या जगासमोर सांगितलं की आम्ही आमच्या मेलेल्या सोबत्यांच्या देहावर जगलो. म्हणजे सुटका झाल्यापासून आठवडाही उलटला नव्हता. खाली आल्या आल्या पत्रकारांनी घेरलं तेव्हा ‘चीज आणि झाडपाला खाल्ला’ असं उत्तर दिलं गेलं, हे खरं. मेलेल्यांच्या आईबापांना ही गोष्ट पेपरातून कळू नये, आधी आपल्या तोंडून कळावी, असं त्यांना वाटत होतं. दडवादडवी म्हणायची तर ती एवढीच, चार-पाच दिवसांची.

एक गोष्ट मात्र त्यांनी खरोखर झाकून ठेवली: कुणाचा देह. कापण्याचं काम नात्यातल्या तिघा भावांनी अंगावर घेतलं, फितो आणि एदुआर्दो स्ट्राउख आणि दानिएल फर्नांदेस. ते बाजूला जाऊन करायचे, म्हणजे आपल्या हातात आलेला तुकडा कुणाचा हे इतरांना कळू नये. ही झाकपाक कुणाला वाचवण्यासाठी होती, हे सांगायची गरज नाही. दशकं उलटल्यावर ही माणसं जे बोलली त्यात असे तपशील जास्त आहेत. कृत्य १९७२ लाच जगजाहीर होतं. उशिरा आलं ते त्याच्या आसपासचं, म्हणजे कोण काय म्हणालं, कोण कुणाच्या पायाला चोळत बसायचं, कोण रात्री रडायचं. याला कबुली म्हणायचं असेल तर आपल्या घरात आजोबा बहात्तरच्या दुष्काळाचं जे सांगायचे तीही कबुलीच म्हणावी लागेल.

आता ‘मारून खाल्लं’. हा आरोप साधा नाही, खुनाचा आहे, म्हणून हिशेबच मांडतो. उरुग्वेहून चिलीला सामना खेळायला निघालेल्या विमानात ४५ जण होते: ओल्ड ख्रिश्चन्स या क्लबचे खेळाडू, त्यांचे मित्र, नातेवाईक आणि पाच कर्मचारी. विमान कड्याला घासलं, दोन्ही पंख आणि शेपूट तुटलं, आणि उरलेला सांगाडा बर्फावरून घसरत खाली गेला. आपटण्यात आणि पुढच्या आठ-नऊ दिवसांत जखमांनी १८ जण गेले. उरले २७. २९ ऑक्टोबरच्या रात्री त्या सांगाड्यावर हिमकडा कोसळला आणि झोपेतल्या आठ जणांचा बर्फाखाली गुदमरून जीव गेला. उरले १९. नंतर तिघे गेले, जखमा सडून आणि अंगातलं बळ संपून. उरले १६. यात मारलेला एकही नाही. देह होते ते आधीच मेलेल्यांचे, आणि ते बर्फात टिकले होते.

तो निर्णयही घाईत झाला नाही. विमानात होतं काय, तर थोडी चॉकलेटं, थोडा जॅम, वाईनच्या काही बाटल्या. वाटून वाटून किती पुरणार? त्यांच्यातल्या नांदो पारादोने चॉकलेटमध्ये घोळवलेला एक शेंगदाणा तीन दिवस पुरवला होता. मग बॅगांचं चामडं चावून पाहिलं, सीटमधला कापूस पाहिला. एवढ्या उंचीवर गवताचं पातंही नाही. रॉबेर्तो कानेसा तेव्हा १९ वर्षांचा, वैद्यकीचा विद्यार्थी. शरीर आता स्वतःलाच खायला लागलंय हे त्याने सांगितलं. खूप वेळ बोलणं झालं, आणि मग एकेकाने म्हटलं की मी मेलो तर माझा देह वापरा. काहींना तरी ते जमेना. नुमा तुरकाती नावाचा मुलगा घास घेईनासाच झाला होता. पायाची जखम चिघळली आणि ११ डिसेंबरला तो गेला. सुटकेला तेव्हा दीड आठवडाच उरला होता. दुबळ्यांना मारून खाणाऱ्यांच्या टोळीत हा इतके दिवस कसा राहिला, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

शिवाय ही मुलं परतली कुठे? त्याच शहरात, त्याच वस्तीत, त्याच चर्चमध्ये. मेलेल्यांचे आईबाप शेजारीपाजारी राहत होते. एकाही घराने यांच्यावर खुनाचा आळ घेतला असता तर यांना माँटेव्हिडिओत तोंड दाखवता आलं नसतं. झालं उलट. मेलेल्यांची कुटुंबं यांच्या पाठीशी उभी राहिली, आणि कॅथलिक चर्चनेही यात पाप नाही असं सांगितलं. मेलेल्या मुलांच्या आयांनी १९७३ मध्ये ‘आमची मुलं’ या नावाने तिथे एक ग्रंथालय काढलं.

‘धट्टेकट्टे तेवढे जगले’ हे ऐकायला पटतं, पण यादी पाहिली की टिकत नाही. संघाचा कप्तान मार्सेलो पेरेस, ज्याने पहिले दिवस सगळ्यांना सांभाळलं, हिमकड्याखाली गेला. त्या रात्री कोण वाचलं हे कोण कुठे आडवा झाला होता त्यावर ठरलं, दंडाच्या मापावर नाही. जगलेल्यांतला सगळ्यात मोठा हाविएर मेथोल ३६ वर्षांचा, खेळाडूही नव्हता, आणि उंचीचा त्रास त्यालाच सगळ्यात जास्त होत होता. तो राहिला, त्याची बायको लिलियाना, तोवर तगलेली एकमेव स्त्री, त्याच हिमकड्याच्या रात्री गेली. आणि ज्याच्या पायांमुळे बाकीचे सुटले तो नांदो पारादो? कवटी फुटून जवळजवळ तीन दिवस बेशुद्ध. याचं काही खरं नाही म्हणून त्याला गारठ्याच्या बाजूला ठेवलं होतं. शुद्धीवर आला तेव्हा आई गेलेली होती, आणि बहीण काही दिवसांनी त्याच्याच कुशीत गेली. मेसेजच्या हिशेबाने हा पहिला बळी असायला हवा होता.

राहिला हॉटेलचा मुद्दा. पूर्वेला, अर्जेंटिनाच्या बाजूला, वीसेक किलोमीटरवर सोस्नेआदोच्या गरम झऱ्यांजवळ एक ओस पडलेलं हॉटेल होतं, हे खरं आहे. नकाशा हातात घेऊन घरी बसलेल्याला ते दिसतं. त्यांना दिसत नव्हतं, आणि त्याचं कारण अपघाताच्या कारणातच आहे. विमान अर्जेंटिनातल्या मेंदोसाहून निघालं, दक्षिणेकडून वळसा घालून एका खिंडीतून अँडीज ओलांडायचं, पलीकडे चिलीतलं कुरिको गाव आलं की उत्तरेला सँतियागोकडे वळायचं. खिंडीपासून कुरिकोला साधारण ११ मिनिटं लागतात. वैमानिकाने तीनच मिनिटांनी ‘कुरिको आलं’ असं कळवून विमान वळवलं. खाली ढग, अंदाज चुकलेला, आणि नियंत्रण कक्षाने त्याच्या शब्दावर खाली उतरायची परवानगी दिली. तो उतरला तो पर्वतातच. जखमी सहवैमानिक मरताना हेच घोकत होता की आपण कुरिको ओलांडलंय. उंचीमापकाचा काटा २,१०० मीटरवर अडकलेला. जागा प्रत्यक्षात साडेतीन हजार मीटरच्या वर. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जाऊन आलेल्यांनी आठवून पाहावं: तो डोंगर सव्वातेराशे मीटरच्या आसपास, आणि तिथेही पहाटे दात वाजतात. इथे त्याच्या अडीचपटीहून जास्त उंची, चारी बाजूंना बर्फ, अंगावर शहरातले कपडे. कुरिको मागे पडलं असेल तर चिली पश्चिमेला हाकेच्या अंतरावर, हा विचार चूक नव्हता; ज्या माहितीवर तो केला ती चूक होती. वर चढताना कानेसाला पूर्वेकडे लांब रस्त्यासारखी एक रेघ दिसली होती. पारादोला पटलं नाही. ते पश्चिमेलाच गेले.

‘डोकं चालवलं नाही’ हे तर अगदीच अन्यायाचं. चारी बाजूंना बर्फ म्हणजे पाणीच पाणी, असं आपल्या पंचेचाळीस डिग्रीत राहणाऱ्यांना वाटतं. बर्फ तोंडात धरला की ओठ फाटतात, आणि वितळवायला लाकूड कुठून आणणार? फितो स्ट्राउखने सीटच्या पाठीमागचा ॲल्युमिनियमचा पत्रा काढला, त्याला पन्हाळीसारखा आकार दिला, वर बर्फ पसरून उन्हात ठेवला, खाली बाटली. सीटच्या गाद्या पायाला बांधून बर्फात न रुतणारे जोडे केले. कॉकपिटमधल्या रंगीत काचेसारख्या पट्ट्यांचे गॉगल केले. तुटलेली शेपूट सापडली तेव्हा तिथल्या बॅटऱ्यांवर रेडिओ चालवायचा प्रयत्न केला, तो फसला, कारण रेडिओला लागणारी वीज त्या बॅटऱ्या देऊच शकत नव्हत्या. पण शेपटीतलं उष्णतारोधक कापड हाती लागलं. त्याची तांब्याच्या तारेने शिवून तिघांना पुरेल अशी झोपायची पिशवी केली. शिवणाऱ्यांत कार्लोस पाएस होता; लहानपणी आईने त्याला शिवणकाम शिकवलं होतं.

मदतीची वाट पाहत बसले, हेही एका फॉरवर्डमध्ये जोडलेलं दिसलं. २०२१ च्या जुलैत आपल्या चोपडा तालुक्यात वर्डीच्या बाजूला सातपुड्यात प्रशिक्षणाचं छोटं विमान पडलं. प्रशिक्षक जागीच गेले. शिकाऊ मुलीला आदिवासी गावकऱ्यांनी शोधलं आणि साडीची झोळी करून डोंगरातून खाली आणलं. सातपुड्यात आवाज झाला की कुणीतरी धावतं. तिथे धावणारं मैलोन्‌मैल कुणी नव्हतं. वरून विमानं गेली, पण पांढऱ्या बर्फात पांढरा सांगाडा दिसला नाही. बॅगांतल्या लिपस्टिकने टपावर मदतीची अक्षरं लिहायला घेतली, तर लिपस्टिकच पुरेना. आठ दिवसांनी शोध थांबला, आणि ती बातमी त्यांनी छोट्या ट्रान्झिस्टरवर स्वतःच्या कानांनी ऐकली.

१२ डिसेंबरला पारादो, कानेसा आणि विझिंतीन निघाले. तीन दिवस चढून माथ्यावर पोचले तर समोर हिरवी दरी नाही, नजर जाईल तिथवर डोंगरच. शिधा तिघांना पुरणार नाही म्हणून विझिंतीनने आपला वाटा दिला आणि तो मागे फिरला. बाकी दोघे चालत राहिले, एकूण साठेक किलोमीटर. २० डिसेंबरला नदीपलीकडे सेर्हिओ कातालान हा गुराखी दिसला. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी त्याने दगडाला कागद बांधून फेकला, पारादोने त्यावर लिहून परत फेकला, त्याने पलीकडून भाकरीएवढे पावही फेकले, आणि मग घोड्यावर टांग टाकून लांबच्या पोलिस ठाण्याची वाट धरली. हा माणूस २०२० मध्ये ९१ व्या वर्षी वारला, तोवर या सगळ्यांचं त्याच्याकडे जाणं-येणं होतं.

पैशाचं म्हणाल, तर हो, काहींनी व्याख्यानं दिली, पुस्तकं लिहिली. पारादो तर जगभर बोलतो. त्यात चोरून काही नाही. कानेसा लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर झाला आणि आयुष्यभर तेच केलं. २०१२ मध्ये, अपघाताला चाळीस वर्षं झाल्यावर, ज्या सामन्यासाठी निघाले होते तो सँतियागोत जाऊन खेळले. सगळे साठीच्या आसपासचे.

आणि मेसेजबरोबरचा तो रंगीत फोटो, ज्यावर ‘अस्सल’ लिहिलंय, तो २०२३ मध्ये आलेल्या स्पॅनिश सिनेमातला आहे. त्यातले चेहरे नटांचे आहेत. ग्रुपच्या ॲडमिनने निदान तेवढा तरी काढावा.