दादाची बुलेट, काकांचा दंड

पाचशे रुपये गेल्याचं काही वाटत नाही, अशी या लेखाची सुरुवात करणार होतो. पण वाटतं. चांगलंच वाटतं.

झालं इतकंच की २००९ साली घेतलेली स्कूटर समोरच्या वहिनींच्या भाच्याला विकायची ठरली. आरटीओचा एजंट घरी आला. त्यानं स्कूटरच्या पोटाशी बसून सोळा वर्षांचं ग्रीसमातीचं लिंपण रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, चेसीस नंबरवर पेन्सिल घासली, वर चिकटपट्टी दाबली आणि अलगद उचलून फॉर्मवर चिकटवली. लहानपणी आम्ही चार आण्याच्या नाण्याचे ठसे असेच घ्यायचो. मला फार बरं वाटलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "साहेब, गाडीवर चलान आहे. ते भरल्याशिवाय फाइल हलत नाही."

आता तुम्ही विचाराल, एसएमएस आला नव्हता का? आला असणार. पण 'आपल्या वाहनावर दंड आहे' असे मेसेज मला आठवड्यातून तीन येतात, आणि त्यांतले तीनही चोरांचे असतात. अशी लिंक उघडू नका, एपीके फाइल तर मुळीच उघडू नका, हे पोलिसांनीच घसा फोडून सांगितलंय. मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांचं ऐकलं आणि दंड झाला.

चलानच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला, चेसीसचे शेवटचे चार आकडे टाकले, आणि फोटो उघडला. फोटोत बुलेट होती. माझ्याकडे स्कूटर आहे. बुलेटवर पाठमोरा एक गडी, विनाहेल्मेट, मागे ओढणीनं डोकं-तोंड गुंडाळलेली एक मुलगी, आणि नंबर प्लेटवर लफ्फेदार अक्षरात 'दादा'. इंग्रजी चार-एक-चार-एक जरा मुरडून लिहिले की त्याचं 'दादा' होतं, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. फक्त मला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं मी 'दादा' नंबरच्या स्कूटरवरून भाजी आणली आणि एकानंही वाट दिली नाही. दादाच्या नंबरातली बाकीची अक्षरं मुंगीएवढी होती. त्यांतलं एफ हे अक्षर कुणीतरी ई असं वाचलं, आणि ई म्हणजे मी.

बायकोला फोटो दाखवला. मागच्या मुलीवरून काही निघेल अशी मला, खरं सांगायचं तर, थोडी आशा होती. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, नीट पाहिला आणि परत दिला. "हे तुम्ही नाही. तुमची पाठ इतकी ताठ कुठाय?"

हीच साक्ष कोर्टात चालली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

वाहतूक शाखेच्या त्या कचेरीत बाकावर माझ्या शेजारी एक काका बसले होते. पंचाहत्तरीचे असावेत. इस्त्रीचा बुशशर्ट, मांडीवर पारदर्शक फोल्डर, फोल्डरमध्ये चलानांच्या रंगीत प्रिंट, तारखेनुसार लावलेल्या. लग्नाचा अल्बम दाखवतात तसं त्यांनी मला न विचारता पहिलं पान उघडलं.

"हा आमचा दूधवाला."

काकांनी आपली स्कूटर २०१४ मध्ये दूधवाल्याला विकली होती. फॉर्म २९, फॉर्म ३०, जिथे म्हणाल तिथे सह्या करून दिल्या. 'करून घेतो की काका' म्हणून दूधवाला जो गेला तो गेलाच. गाडी रस्त्यावर त्याची आणि कागदावर यांची. २०१९ मध्ये पहिलं चलान आलं, आणि तेव्हापासून दूधवाला जिथे जिथे कायदा मोडतो तिथून काकांना फोटो येतो.

"इथे बघा, ट्रिपल सीट. मागे बायको, मधे पोरगा. बाराएक वर्षांचा असेल. आणि किटली कुठे अडकवलीय बघा, काय माणूस आहे!" काकांच्या आवाजात तक्रार शोधत होतो, सापडली नाही. "मग २०२० उजाडलं. मार्चपासून काही खबर नाही. लॉकडाऊन होता, कळतं मला, पण काळजी वाटते की नाही माणसाला? एप्रिल नाही, मे नाही, गणपती गेले, दिवाळी गेली. आणि डिसेंबरात हा बघा! सिग्नल तोडून चाललाय. जीव भांड्यात पडला."

पान उलटलं.

"इथे बायको दिसत नाही. पुढच्याही दोन फोटोंत नाही. मी म्हटलं, भांडण झालं की काय. मग इथे पुन्हा आहे, पण अंग भरल्यासारखं वाटतं. आणि हा," शेवटून दुसऱ्या पानावर त्यांनी बोट ठेवलं, "हा पोरगा. आता स्वतः चालवतो. मिसरूड फुटलंय, दिसतंय का? मोबाइलवर बोलत चालवतोय. हजार रुपये दंड. पैशाचं सोडा हो, पण एक हात सोडून चालवतो. कुणी सांगायचं याला?"

"तुम्ही हे सगळे दंड भरता?" मी विचारलं.

"वर्षातून चारदा लोक अदालत असते ना, तेव्हा एकगठ्ठा." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक अदालतीची बातमी साड्यांच्या सेलसारखी फिरते, 'घसघशीत सूट, आजच या' अशा थाटात. काकांना सूट किती मिळते ते त्यांनी सांगितलं नाही. सणाला नातवाच्या हातावर पैसे ठेवणारा माणूस हिशेब सांगत नाही, तसंच ते.

"पण काका, गाडी त्याच्या नावावर करून का नाही टाकत?"

"त्याची सही लागते."

"मग घ्या की सही."

"तो राहतो कुठे ते कुठे ठाऊक आहे मला? दूध बंद करून दहा वर्षं झाली." काकांनी फोल्डर मिटलं. "विचारलं मी इथे. म्हटलं, परवा सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी तो कुठल्या चौकात होता ते तुम्हाला ठाऊक आहे, तर घर शोधून द्या. म्हणाले, आजोबा, ती खासगी माहिती आहे."

मी खासगीपणाच्या बाजूचा माणूस आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं होतं. पण आदल्याच रात्री मी परिवहनच्या साइटवर त्या बुलेटचा खरा नंबर, ईच्या जागी एफ घालून, टाकून पाहिला होता. गाडी लगेच सापडली. बुलेटच. मालकाच्या नावात मात्र एक अक्षर आणि पुढे नुसत्या चांदण्या. दादांची अब्रू चांदण्यांनी झाकलेली, आणि त्यांच्या पाठीचा फोटो माझ्या नावानं सरकारदफ्तरी जमा.

काकांचा यावर एक सिद्धांत आहे. ते म्हणाले, "सरकार म्हणजे वाटणी झालेले भाऊ. घेणं असलं की सगळे एका पंगतीला. आपण काही मागायला गेलो की, तो थोरल्याचा विषय, आमची चूल वेगळी."

हसलो खरा, पण मग बाकावर बसल्या बसल्या डोकं तापायला लागलं. जुलै २०१९ मध्ये नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं होतं की गाड्यांची 'वाहन' आणि लायसन्सची 'सारथी', या दोन नोंदवह्या ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना खुल्या केल्या आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले. पुढच्या वर्षी ते धोरण गुंडाळलं, ठीक. पण मिळालेल्या पैशाचं काय? देशातल्या सगळ्या गाड्यांत वाटले तर माझ्या स्कूटरच्या वाट्याला दोन-अडीच रुपये तरी येतील. माझ्या पाचशेतून ते वळते करून घ्या म्हटलं तर कुठल्या खिडकीत जायचं? वळतं करून घेण्याची रीत सरकारला चांगली ठाऊक आहे. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात २४५ नंबरचं कलमच होतं. तुमचा परतावा निघाला की आधी तुम्हाला कळवायचं आणि जुन्या थकबाकीत तो जिरवायचा. थकबाकी किती जुनी? २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात छोट्या छोट्या जुन्या मागण्या सोडून दिल्या, २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढच्या पाच वर्षांच्या दहा हजारांपर्यंत, तेव्हा अर्थमंत्रीच म्हणाल्या की यातल्या काही १९६२ पासूनच्या आहेत. बासष्ट! माझा जन्मही झाला नव्हता. तेव्हापासून कुणीतरी ती वही नीट कापडात बांधून ठेवली होती. आणि माझ्या बारशाच्या नोंदीत आईचं नाव चुकलंय, त्या वहीला मात्र वाळवी लागली.

हे मी काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "पुण्यात मिळकतकर थकवला की महापालिका दारात बँड लावते. माझ्याही दारात लावा म्हणावं. निदान कुणीतरी माणूस घरी येईल."

यावर काय बोलायचं ते न सुचून मी खिडकीशी गेलो.

"मॅडम, ही गाडी माझी नाही."

"नंबर सांगा काका."

नंबर दादा, माणूस काका. सांगितला.

"हाच तर नंबर आहे चलानवर."

"नंबर माझा आहे. गाडी माझी नाही. ही बुलेट आहे, माझी स्कूटर आहे."

"मग बुलेट कुणाची?"

"मला काय ठाऊक?"

"तुमच्या नंबरची गाडी, आणि तुम्हालाच ठाऊक नाही?"

मागच्या रांगेतून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. माणूस अडचणीत असला की मागून 'बरोबर आहे' म्हणणारा एक जण आपल्याकडे कायम तयार असतो.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी फोटो पाहिला, बुलेट पाहिली, माझ्या पाठीकडेही एकदा पाहिलं. "ऑनलाइन तक्रार टाका. आरसी, स्कूटरचे चारी बाजूंनी फोटो, आधार, आणि पत्त्याचा पुरावा."

"पत्ता आरसीवर आहे ना. तुमच्याच स्क्रीनवर दिसतोय."

"तो आरटीओचा झाला काका. आम्ही वाहतूक शाखा."

बाकावरून काका माझ्याकडे पाहून हसले. चूल वेगळी.

"किती दिवस लागतील?"

"ते वरती जातं."

वरती म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. भाच्यानं पैसे दिलेले होते, एजंटचे रोज दोन फोन येत होते, आणि वहिनी जिन्यात भेटल्या की माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहायला लागल्या होत्या. मी खिशातून फोन काढला, कोड स्कॅन केला आणि दादांचे पाचशे रुपये भरले. हात खाली यायच्या आत पावतीचा मेसेज आला. इतक्या चपळाईनं सरकारनं माझं आजवर एकही काम केलेलं नाही. नाव स्पष्ट, आडनाव स्पष्ट, एकही चांदणी नाही. आभार मानले होते.

लगेच एजंटला फोन लावला. "भरलं. आता फाइल हलव."

"साहेब, इथे अजून बाकीच दाखवतंय."

"पावती आलीय माझ्याकडे!"

"तिकडून इकडे अपडेट व्हायला वेळ लागतो. चार-पाच दिवस धरा."

आज अकरावा दिवस आहे. स्कूटर खालीच उभी आहे. भाचा रोज येऊन तिच्यावर बसून जातो.

त्या दिवशी निघताना काकांना नमस्कार करायला वळलो तर त्यांचा फोन वाजला. त्यांनी चश्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग एकदम जवळ घेतला.

"अहो, हे बघा. हे बघा तुम्ही!"

फोटोत काकांची जुनी स्कूटर, तिच्यावर तो मुलगा, दोन्ही हात हँडलवर, आणि डोक्यावर कोरं करकरीत पांढरं हेल्मेट.

"शहाणा झाला हो पोरगा," काका म्हणाले. त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते.

"मग दंड कशाचा?"

काकांनी फोटो वर सरकवला, खालची ओळ वाचली, आणि फोल्डरमधलं कोरं पान काढून त्यावर तारीख घातली.

"नो एंट्री," ते म्हणाले.