मनगटावरचा कारकून

मनगटावर बांधायच्या वस्तूकडून माझी एकच अपेक्षा असते. ती बांधल्यावरही आपले दोन्ही हात आपलेच राहावेत. साध्या घड्याळाने ही अट कधी मोडली नाही. मोडली ती डिजिटल डायरीवाल्या, म्हणजे लोकांची नावं नि फोननंबर पोटात साठवणाऱ्या घड्याळाने. डावा हात त्याला डोळ्यांसमोर धरायला आणि उजवा हात त्याच्या कळा दाबायला. बाकीच्या संसाराला हात शिल्लक राहत नाही.

हे घड्याळ मेव्हण्याने हौसेने स्वतःसाठी घेतलं होतं. थोड्याच दिवसांत "भाऊजी, तुम्हाला याचा जास्त उपयोग" असं म्हणून त्याने ते माझ्या हातावर चढवलं. बायकोने भावाच्या दातृत्वाकडे कौतुकाने पाहिलं. मी माहितीपुस्तिकेकडे पाहिलं. घड्याळापेक्षा ती जाड होती.

घड्याळाला कळा चार. त्यांतल्या एकीने अक्षरं पुढे सरकायची, एकीने मागे. रोमन ए पासून सुरुवात, झेडनंतर आकडे, आकड्यांनंतर टिंब, रेघ वगैरे किरकोळ मंडळी आणि मग पुन्हा ए. कळ दाबून धरली की अक्षरं पळायला लागत आणि आपलं अक्षर दिसलं म्हणून बोट उचलेपर्यंत ती दोन घरं पुढे गेलेली असत. मग मागची कळ. तिथेही तेच, फक्त उलट दिशेने. अनिल, आनंद, अरुण ही माणसं मला त्या काळात फार जवळची वाटू लागली. एस आणि टीवाली मात्र पुढून गेलं काय आणि आकडे ओलांडून मागून गेलं काय, सारखीच लांब. सुरेशशी माझे संबंध हळूहळू कमी झाले, त्याचं खरं कारण त्याला अजून माहीत नाही.

शिवाय नावाला जागा आठच रोमन अक्षरांची. पुरुषोत्तमकाका 'पुरुषोट' झाले. चंद्रशेखर 'चंद्रास'वर थांबला. ऑफिसातले ज्ञानेश्वर आणि बायकोची मैत्रीण ज्ञानेश्वरी दोघंही 'ज्ञानेश' या एकाच नावाखाली नांदू लागली. त्यांच्यातला कोण कोणता हे ओळखायचं, तर नंबर पाठ असायला हवा!

खरी कसोटी फोन करताना. रिसीव्हर डाव्या हातात घेतला की घड्याळ कानामागे जातं. उजव्या हातात घेतला तर घड्याळ दिसतं, पण नंबर फिरवायला हात नाही. रिसीव्हर खांद्यात दाबला तर मान वाकडी होते आणि पडद्यावरचे आकडे त्या कोनातून पुसट होत जाऊन पाठोपाठ नाहीसे होतात. एवढं करून पहिले तीन-चार आकडे फिरवले, की बराच वेळ कोणी कळ दाबली नाही असं पाहून घड्याळ आपल्या मूळ कामावर परततं आणि शांतपणे वेळ दाखवू लागतं. किती वेळ वाया गेला तेही त्यामुळे कळतं, हा एक फायदा. मी असा झुंजत असताना बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, कुणाचा हवाय नंबर?" आणि हातातलं काम न सोडता तोंडपाठ सांगून मोकळी व्हायची.

आठवण करून देण्याची सोयही होती. श्रम वाचावेत म्हणून मी नोंदी दोन-दोन अक्षरांत उरकत असे. भर रस्त्यात, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात पिशवी असताना ते 'बीएल, बीएल' करून किंचाळू लागे. बीएल म्हणजे विजेचं बिल, बाळ्याचे उधार पैसे, की बॉलपेन? काहीही असो, आधी ते गप्प करायला हवं. घड्याळाची कळ नाकाने दाबता येते, हा शोध माझा आहे.

आता ही अडचण निर्मात्यांना दिसली नव्हती असं नाही. सेइकोच्या डेटा-२००० या घड्याळात नावाप्रमाणे दोन हजार अक्षरं मावत. ती भरायला मात्र वेगळा कीबोर्ड होता. टाइमेक्सने १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या साथीने डेटालिंक काढलं, त्यात तर टायपिंगच कॉम्प्युटरवर. मग पडद्यावर रेघा लुकलुकू लागत आणि घड्याळाच्या तोंडावरचा प्रकाश टिपणारा डोळा त्यांतून नावं, नंबर उतरवून घेई. वायर नाही, काही नाही. आपण फक्त पडद्यासमोर मनगट धरून निमूट बसायचं. तेही जुन्या फुगीर मॉनिटरसमोरच. पुढे सपाट पडदे आले, ते तसे लुकलुकत नसत, त्यामुळे त्यांचं आणि घड्याळाचं बोलणंच बंद झालं. हे घड्याळ अंतराळवीरांनीही वापरलं. तिथे वजनच नसल्याने हात उचलून धरायचा त्रास होत नसावा. १९९८ च्या रुप्युटर या मनगटी कॉम्प्युटरला चिमुकली जॉयस्टिक होती. पाम या तळहातावरच्या कॉम्प्युटरची प्रणाली घातलेल्या फॉसिलच्या घड्याळात लेखणी चक्क पट्ट्याच्या बकलात दडवलेली. हुशारी सगळी मान्य. पण जॉयस्टिक काय नि लेखणी काय, शेवटी उजव्याच हाताच्या गळ्यात. कारकून नेमायचा आणि त्याच्या मागे दप्तर घेऊन आपण फिरायचं, अशी ही नोकरी.

मग एक दिवस घड्याळाचे आकडे फिके पडू लागले. बॅटरी संपत आली होती. मी पुस्तिका उघडली. बॅटरी बदलल्यावर सगळ्या नोंदी पुसल्या जातील, तरी महत्त्वाच्या नोंदी आधी कागदावर लिहून ठेवाव्यात, असं तिथे छापलेलं होतं.

बसलो लिहायला. घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं, आणि काय सांगू, काम झरझर होऊ लागलं. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्याने वहीत उतरवायचं. घड्याळ नावं आपोआप अक्षरक्रमाने लावत असल्यामुळे वहीही तशीच झाली. नंबरांची इतकी नीटनेटकी वही आमच्या घरात त्याआधी कधी नव्हती. बॅटरी बदलून आल्यावर नोंदी परत घड्याळात भरायचं मी नाव काढलं नाही. वही फोनजवळ दोऱ्याने बांधली. पुरुषोत्तमकाका तेवढे तिच्यातही 'पुरुषोट'च राहिले आहेत.