‘पाच वर्षांपर्यंत थांबा’ हा सल्ला मुलांना महागात पडतो

“मूल बोलत नसेल, चालत नसेल तर पाच वर्षांपर्यंत वाट बघा. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. तपासण्यांच्या मागे लागलात तर नसता शिक्का बसेल. आइनस्टाइनसुद्धा उशिरा बोलला होता.” अशा आशयाचा मेसेज पालकांच्या ग्रुपवर सतत फिरत असतो. घाबरलेल्या आईबापांना त्यानं धीर येतो, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

वेग वेगळा असतो, हे खरंच. दोन वर्षांचं कमी बोलणारं मूल पुढे बरोबरीला येतं, असंही पुष्कळदा होतं. पण आपलं मूल त्यातलं आहे का, हे घरबसल्या ओळखता येत नाही. ऐकण्याचंच घ्या. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीचे काही महिने हुंकार देतं. दार आपटलं की दचकतं, कारण हादरा त्याला जाणवतो. कुणाची सावली दिसली की मान वळवतं. घरचे म्हणतात, “ऐकू येतंय की त्याला!” म्हणून तर १ महिन्याच्या आत श्रवणचाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत मदत सुरू, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. पाच वर्षं थांबलो तर भाषा सहज शिकण्याचं वयच हातून जातं, मग ती भाषा बोलण्याची असो की खुणांची.

सेरेब्रल पाल्सीतही, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होतो त्या अवस्थेतही, तेच. काही मुलांमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकत जातो. सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून दिसत नाही; ठरावीक काळानं एक्स-रे काढला तरच कळतं. ‘थांबून बघू’ म्हणताना नेमकं हेच बघितलं जात नाही.

राहिला शिक्का. मूल्यमापनाच्या, म्हणजे मुलाला काय जमतं आणि कुठे अडतं याच्या तपासणीच्या, अहवालात मुलाची गरज लिहिलेली असते: श्रवणयंत्र, वाणी उपचार, पाय टेकतील अशी खुर्ची, पेपरला जादा वेळ. तपासणी टाळली म्हणून मूल शिक्क्यातून सुटत नाही. वर्गात त्याला ‘हट्टी’, ‘मठ्ठ’, ‘आळशी’ म्हटलं जातंच, आणि त्या शब्दांवर कुठलीही मदत मिळत नाही.

आइनस्टाइनच्या बालपणावरून दुसऱ्या कुठल्याही मुलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो याच समजुतीच्या आधारानं शाळा आणि कार्यालयं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात तेव्हा. तपासणीचा अहवाल वर्षभर रखडला, तर हाती येतो तेव्हा तो वर्षापूर्वीच्या मुलाचा असतो. तान्ह्या बाळाच्या श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचासुद्धा दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो, इतक्या झपाट्यानं मूल वाढतं.

तेव्हा शंका आली की आधी कान तपासून घ्या आणि मूल्यमापनासाठी लेखी अर्ज द्या. नंबर लागेपर्यंत थेरपी थांबवायची गरज नाही. पक्कं निदान व्हायच्या आधीही ती सुरू करता येते. आणि मूल आधी बोलत असलेले शब्द बोलेनासं झालं, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांकडे न्या.