कुठल्या जातीचा?

कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलं की पहिला प्रश्न ठरलेला. "कुठल्या जातीचा?" माणसाला हे तोंडावर विचारायची आता चोरी झालीये, आडनावावरून अंदाज बांधावा लागतो. कुत्र्याबद्दल मात्र बिनधास्त विचारता येतं.

आमची काशी शेल्टरमधून आणलेली. तांबूस रंग, एक कान उभा, दुसरा टोकाला दुमडलेला, आणि उभ्या कानाला नसबंदीची खूण म्हणून कापलेली खाच. "गावठी आहे" म्हटलं की समोरच्याचा उत्साह मावळतो आणि मग मुलगी बघायला आल्यासारखं "पण नाकीडोळी छान आहे हं" येतं. गंमत म्हणजे हेच लोक गावठी अंड्यांना पोल्ट्रीच्या अंड्यांपेक्षा जास्त पैसे मोजतात. गावठी कोंबडी म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. कुत्र्याच्या मागे लागला की तोच शब्द किंमत उतरवतो!

इंग्रजीत तर याहून वाईट. या कुत्र्यांना 'परिया डॉग' नाव पडलं, आणि 'परिया' हा शब्द आला तमिळनाडूतल्या परैयर या दलित जातीच्या नावावरून. माणसांच्या एका जातीला हीन ठरवायचं, मग ते नाव शिवीसारखं वापरायचं, आणि मग ते कुत्र्याला चिकटवायचं. आजही शिकलेसवरलेले लोक 'इंडियन परिया' असं अगदी शास्त्रीय थाटात म्हणतात. मला तो शब्द सहन होत नाही. 'इंडी' निदान निरुपद्रवी आहे, जरा इन्स्टाग्रामी वाटत असला तरी. दवाखान्यातल्या लसीच्या कार्डावर 'ब्रीड'च्या रकान्यात बऱ्याचदा 'एनडी' लिहितात, म्हणजे नॉन-डिस्क्रिप्ट. वर्णन करण्याजोगं काही नाही! मी तिथे गावठी लिहून घेतलं. डॉक्टर हसले, पण लिहिलं.

नावात काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा सोसायटीच्या मीटिंगला यावं. शेजारच्या विंगमध्ये हस्की आहे, बर्फाळ मुलखातली जात. पुण्याच्या मे महिन्यात बिचारा एसीसमोर धापा टाकत पडलेला असतो, पण तो 'पेट'. काशीबद्दल तक्रार आली ती "भटकं कुत्रं लिफ्टमधून नेतात" अशी. गळ्यात पट्टा, हातात दोरी, लसी पूर्ण, तरी भटकं.

नियम काय म्हणतात ते बघा. 2023 च्या अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांत वर्गवारी जातीवरून नाहीच. पाळीव ते पाळीव. आणि रस्त्यावरच्यांत देशी कुत्र्यांबरोबर सोडून दिलेले 'जातिवंत' कुत्रेही मोजलेत. म्हणजे मालकाने हायवेला सोडलेला लॅब्रॅडॉर कायद्याने रस्त्यावरचा, आणि काशी पाळीव. सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला वाट ठेवली, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. जबाबदारी पाळीव प्राण्याची आणि बिरुद भटक्याचं, हे कसं चालेल?

आता थोडं आमच्याच, म्हणजे कुत्रं दत्तक घेणाऱ्या मंडळींबद्दल. राग येईल, येऊ दे. 'रेस्क्यू' हा शब्द. जखमी कुत्र्याला नाल्यातून काढणारे, मध्यरात्री दवाखान्यात नेणारे कार्यकर्ते हा शब्द वापरतात तेव्हा तो कामाचा असतो. पण दत्तक घेऊन वर्षं उलटली तरी आपण "हा माझा रेस्क्यू" असं सांगत राहतो, तेव्हा गोष्ट कुत्र्याची न राहता आपली होते. वर नुकसान कुत्र्याचंच. पाहुण्यांवर उड्या मारतो? "रेस्क्यू आहे ना, समजून घ्या." जेवताना गुरगुरतो? "बिचाऱ्याने खूप सोसलंय." सोसलं असेलही. पण म्हणून त्याला 'बस', 'थांब' शिकवायचंच नाही? लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं की आठवड्यात ट्रेनर येतो, आणि शेल्टरच्या कुत्र्याला नुसती दया. मग एक दिवस कुणाला तरी दात लागतो आणि तेच कुत्रं शेल्टरच्या दारात परत येतं, कपाळावर 'अ‍ॅग्रेसिव्ह' असा नवा शिक्का घेऊन. हा शिक्का सगळ्यात जड, कारण त्यानंतर त्याला घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

रतन टाटांचा 'गोवा' आठवतो? गोव्यातलं भटकं पिल्लू, म्हणून नाव गोवा. ऑक्टोबर 2024 मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनाला त्याला मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात आणलं होतं, तेव्हा सगळीकडे तो टाटांचा लाडका गोवा होता. जात कोणी विचारली नाही. मालक एवढा मोठा असला की प्रश्नच मिटतो. आपण काही टाटा नाही, त्यामुळे आपल्याला लिफ्टमध्ये उत्तर द्यावं लागतं. मी हल्ली "आमची आहे" एवढंच सांगते. काहींना ती परदेशी जात वाटते, तो भाग वेगळा.

कोणी शेल्टरमधून कुत्रं आणायच्या विचारात असेल, तर तिथे "मिक्स आहे का, लॅबचं वाटतं" यात वेळ घालवू नका. मांजर दिसल्यावर काय करतो, एकटा राहतो का, लहान मुलांच्या जवळ कसा असतो, अंगाला कुठे हात लावलेला आवडत नाही, हे त्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाला विचारा. ऑफिसात फॉर्म भरून घेणाऱ्याला नको, त्याला फक्त पिंजऱ्याचा नंबर माहीत असतो.