कुंभमेळ्याआधी प्लॉट घ्याच!

भाव सरकारने ठरवू नये, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातबंदी आली, तेव्हा चांदवडला रास्ता रोको झाला. पैशाचा भाव मात्र रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती मुंबईत बसून ठरवते आणि त्याबद्दल कोणी साधी घोषणाही देत नाही. व्याजदर हा पैशाचा भाव आहे, एवढे लक्षात आले की विनाकारण शंका येऊ लागतात. त्या येण्याआधी म्हसरूळ-मखमलाबादकडे जाऊन प्लॉटची टोकन रक्कम देऊन या.

व्याज घसरले म्हणजे लोकांनी भरपूर बचत केली असणार, असे खुशाल समजा. बाजाराने दर ठरवला असता तर तसा अर्थ निघालाही असता. मिझेस आणि हायेक या मुक्त बाजारवादी अर्थतज्ज्ञांचे म्हणणे एवढेच की, बचत न वाढताच दर खाली ओढला तर बिल्डरला वाटते पुढची दहा वर्षे गिऱ्हाईक तयार आहे. तो सात मजल्यांऐवजी चौदा काढतो, शेजारचाही काढतो. सळई, गवंडी आणि वाळू मात्र पूर्वीइतकीच असतात. मग खर्च चढतो, मागोमाग व्याज चढते आणि नवव्या स्लॅबवर काम थांबते. हायेकना १९७४ मध्ये नोबेल मिळाले म्हणून तुम्ही बुकिंग रद्द करायची गरज नाही.

महागाईचा राग काढायचा असेल तर नाशिकरोडच्या नोट प्रेसवर काढा, घराजवळ पडते. खरे तर बहुतेक नवा पैसा बँक कर्ज मंजूर करून खात्यावर रक्कम जमा करते तेव्हा तयार होतो, त्याला ना शाई लागते ना कागद. तो सगळ्यांकडे एकाच दिवशी पोचतही नाही. आधी मोठा कर्जदार, मग जमीनमालक, मग एजंट आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रिंगरोड टच, शेवटचे चार प्लॉट’ असा मेसेज येतो तेव्हा तुम्ही. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, ही गोपनीय माहिती विकणाऱ्याला नसणारच, असे धरून चाला.

आता कागदपत्रे. इथे घाई हाच खरा गुण. मालकी तपासणारा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढत बसू नका, झोन दाखला मागू नका. प्लॉटवर बागेचे आरक्षण निघाले तर हवा तरी चांगली मिळेल. मंजूर ले-आउट आणि एनए (बिगरशेती) आदेश यांच्याऐवजी चुन्याने आखलेल्या रेघा पाहा. साठेखत नोंदणी न करता नोटरीसमोर उरका. त्याने मालकी येत नाही, पण शिक्का छान गोल असतो. सातबारा सामायिक असला आणि त्यावर आणखी अकरा नावे असली तर शेजार लाभला म्हणायचे. बँक अशा तुकड्यावर कर्ज देत नाही, तेव्हा राहत्या घरावर टॉप-अप घ्या.

फ्लॅट घेणार असाल तर हिशेब आणखी सोपा. समजा पाथर्डी फाट्याला ६० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडे १४,००० येते. वर्षाला झाले १ लाख ६८ हजार, म्हणजे २.८ टक्के, त्यातून घरपट्टी आणि मेंटेनन्स जायचा. कर्ज साडेआठ टक्क्यांनी. मधला फरक भाव वाढून भरून निघेल, कारण भाव वाढतोच, कारण सगळे घेताहेत.

कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचेच घ्या आणि दर आहे तिथेच राहील असे माना. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी ५० लाख वीस वर्षांसाठी घेणाऱ्याचा हप्ता साधारण ३८,००० बसत होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो दर, ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. रेपोला बांधलेले कर्ज तेवढेच चढून सव्वानऊ झाले, तर ५० लाखांवर नुसते व्याजच महिन्याला ३८,५०० होते. हप्ता तोच ठेवला तर तो जवळपास सगळा व्याजातच जातो आणि मुद्दल जेमतेम हलते. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले. बँकेचा तो मेसेज न वाचता पुसून टाका. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो ६.५० वरून ५.५० वर आला होताच. नवे कर्ज काढायला तेवढे पुरे.

मुक्त बाजाराचे काही कडवे भक्त म्हणतील, कागदी पैसा बुडणार, सगळे विकून सोने घ्या. त्यांचेही ऐका, तेही सराफ बाजारात भाव उच्चांकावर असताना. जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलर औंस दराने घेणाऱ्याला तोच आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडले, तोही महागाई न धरता. शक्यतो दागिनाच घ्या: १२ टक्के मजुरी, वर एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी. १०० रुपयांच्या सोन्याला ११५ मोजले की सुरुवातच तेरा टक्के तोट्याने होते.

इतके थांबायला वेळ नसेल तर शेअर बाजारात ऑप्शन्स आहेत, म्हणजे पुढच्या भावावर लावायची पैज. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, असे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा अभ्यास सांगतो. उरलेल्या सातांत तुम्हीच.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणे, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवणे, दर दोन टक्क्यांनी चढला तर काय होईल ते आधी मांडून पाहणे, ही भित्र्यांची कामे. आणि उद्या भाव पडलेच, तर बाजाराची हाव, बिल्डरची हाव, सट्टेबाजांची हाव अशी ओळीने नावे घ्या. समितीचे नाव निघणार नाही. तिची पुढची बैठक दोनेक महिन्यांत असतेच आणि दर आणखी कमी करा, अशी मागणी करणाऱ्यांत तुम्हीही असालच.