इंग्लिशमधे चुकायचं तर नीट चुका

इंग्लिश चुकायची लाज वाटत असेल तर ती आधी सोडा, कारण लाजत लाजत चुकलेलं लगेच पकडलं जातं आणि छाती काढून चुकलेलं थेट मिटिंगच्या मिनिट्समधे जातं.

भूतकाळापासून सुरू करा. डिड लावलं की पुढचं क्रियापद साधं ठेवायचं असं आमच्या बाईंनी पाचवीत सांगितलेलं. (तेव्हा मराठी शाळेत इंग्लिश पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते 2000 साली आलं, म्हणजे आमच्या चुका जरा उशिरा सुरू झाल्या पण पक्क्या बसल्या.) तर ते विसरा. डिड यू वेन्ट, आय डिडन्ट केम. दोन गाठी मारल्या की भूतकाळ पळतोय कुठे!

डिस्कस या शब्दात 'बद्दल' आधीच घातलेला असतो म्हणे. असू दे. आपल्याला घरात, घरावर, घराबद्दल असं काहीतरी शेपूट लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे डिस्कस अबाउट म्हणा, एम्फसाइझ ऑन म्हणा, रिटर्न बॅक म्हणा, शब्द कसा भरल्यासारखा वाटतो. अ‍ॅपॉस्ट्रॉफीचंही तेच. युअर्स फेथफुलीत तो नसतो, पण देवाला फूल वाहतो तसा एस दिसला की वाहून मोकळं व्हायचं.

मग आयएनजी. मला दोन भाऊ आहेत हे आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स असंच सांगा, ऐकणाऱ्याला तुम्ही भाऊ जेवताय असं वाटलं तर तो त्याचा प्रॉब्लेम. कझिन ब्रदरला मात्र हसलेलं मी खपवून घेणार नाही. आपल्याकडे मावस, मामे, चुलत, आते अशी चार खणांची कपाटं, त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून एकच कझिन, त्यात तो मुलगा की मुलगी तेही कळत नाही. आपण दुरुस्ती करून दिलीय, आभार माना. प्रीपोन तर आपलं इतकं गाजलं की ऑक्सफर्डच्या डिक्शनरीनेही ते घेतलं. पास्ड आउटचं तेवढं बघा, खडकवासल्याला एनडीएत पासिंग आउट परेड असते ती ठीक, पण इंटरव्ह्यूला आय पास्ड आउट इन 2009 म्हटलं की परदेशी साहेब विचारणार, शुद्धीवर कधी आलात?

पण खरी ताकद ओन्लीत आहे. मराठीतला च जिथे जिथे येतो तिथे ओन्ली ठोकायचा, हवा तर शेवटी. मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीकाकांनी टाकलं, 'टँकर विल कम टुमॉरो ओन्ली. काइंडली डू द नीडफुल.' अर्ध्या बिल्डिंगने वाचलं की उद्या नक्की येणार, अर्ध्या बिल्डिंगने वाचलं की उद्याशिवाय येत नाही, त्यामुळे खालच्या मजल्यांवर बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवले गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बिनधास्त चार डबल बेडच्या चादरी भिजवल्या. नीडफुल म्हणजे नक्की काय करायचं हे कोणीच विचारलं नाही. ते साहेबांच्या कचेरीतलं वाक्य, साहेब गेला, त्याच्याकडे ते आता जुनाट झालं, आपण अजून दर अर्जाखाली चिकटवतोय.

मी विचारलं, काका हा च कुठला, आज नाही वाला की उद्या नक्की वाला? काकांचं उत्तर, 'विल रिव्हर्ट बॅक.'

तेवढ्यात आमच्या विंगमधल्या एका हुशार माणसाने सगळ्यांसमोर काकांची शाळा घेतली. ओन्लीची जागा, रिव्हर्टचा अर्थ, बॅक का नको, सगळं मुद्देसूद, वर हसणाऱ्या तीन इमोजी. लोकांनी अंगठे दिले. खाली त्यानेच मराठीत लिहिलं होतं, 'बाकी सर्वांनी पाणि जपुन वापरा.' आता ह्रस्व पाणि म्हणजे संस्कृतात हात, पाणिग्रहणातला, आणि हात जपून वापरा हा सल्ला तसा वाईट नाही, पण त्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. सव्वीस अंगठे आले होते. त्यातला एक माझा.

टँकर परवा आला. काकूंच्या चादरी तोवर बादलीतच.