रास्पुतिन मेला तरी राज्य पडलंच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९१७च्या फेब्रुवारीत रशियाच्या झारचं, म्हणजे सम्राट निकोलसचं, राज्य रेल्वे कोलमडल्याने आणि फौज उलटल्याने पडलं, असा माझा लेख होता. त्यावर ‘झारला रास्पुतिन आणि राणीने बुडवलं, तुम्ही मालगाड्यांचे हिशोब कसले मांडता? दोन पुस्तकं वाचून शहाणपणा शिकवू नका,’ असं, राणीच्या मर्जीतल्या साधू रास्पुतिनकडे बोट दाखवत, तुम्ही लिहिलंत. शिवाय क्रांती मार्चमध्ये झाली आणि लेखात बोल्शेविक नेता लेनिन कुठे आहे, असंही विचारलंत.

मतभेद मला चालतात, ही भाषा चालत नाही. हा विषय मुळातून वाचता यावा म्हणून मी रशियन शिकलो. दोन पुस्तकांची गोष्ट करण्याआधी तुम्ही निदान लेख पूर्ण वाचायला हवा होता.

तारखेचं मान्य. रशियात जुनं कॅलेंडर होतं, १३ दिवस मागे. २३ फेब्रुवारी म्हणजे आपला ८ मार्च. हे एकदा कंसात द्यायला हवं होतं. खालच्या तारखाही जुन्याच आहेत.

आता मालगाड्या. रास्पुतिनचा खून डिसेंबर १९१६ मध्ये झाला. राज्य पडलं त्यानंतर दोन महिन्यांनी. त्याच्या वजनामुळे कारभाराची दैना झाली हे खरंच. १९१६ या एका वर्षात गोरेमिकिन, श्ट्युर्मर, त्रेपोव, गोलित्सिन असे चार पंतप्रधान झाले. पण राजधानी पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) बायका पावासाठी रस्त्यावर आल्या, मंत्र्यांसाठी नाही.

आणि देशात धान्य होतं! पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या ताब्यातली दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाल्याने काळ्या समुद्रातून होणारी निर्यात थांबली होती. मग राजधानीत पाव का नाही? कारखाने तोफगोळ्यांत गुंतलेले, शेतकऱ्याला खिळे, कापड, अवजारं मिळेनात, नोटेची किंमत रोज घसरते; त्यात सरकारने धान्याचे भाव बांधून दिले. शेतकऱ्याने धान्य घरातच ठेवलं. जे बाजारात आलं ते दक्षिणेकडून आणि व्होल्गाकाठाहून शेकडो मैल आणायचं. युद्धाआधी या शहराचा कोळसा इंग्लंडहून बाल्टिकमार्गे जहाजाने येई. तो मार्ग तुटल्यावर दक्षिणेतल्या डोनबासचा कोळसाही रुळांवर आला. पीठ, कोळसा आणि आघाडीचा दारूगोळा, सगळ्यांचा भार रेल्वेवर, आणि इंजिनं दुरुस्तीला पडून. फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत गाड्या जागोजाग अडकल्या. पीठ पोचलं तरी भट्टीला सरपण नाही. शिधापत्रिका येणार अशी बातमी फुटली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. २२ तारखेला पुतिलोव या मोठ्या शस्त्र कारखान्याला टाळं लागलं. २३ला शहराच्या व्हिबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांतल्या बायका बाहेर पडल्या.

एवढ्यावर राज्य पडत नाही, हेही मी लेखात लिहिलं होतं. ते फौजेमुळे पडलं. राजधानीतल्या गार्ड, म्हणजे झारच्या खास, पलटणी नावालाच गार्ड होत्या. जुने सैनिक आघाडीवर कापले गेलेले, बराकींत नवी भरती आणि दुखापतीतून उठलेले. २६ला व्होलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने झ्नामेन्स्काया चौकात जमावावर गोळ्या झाडल्या. २७च्या सकाळी, सार्जंट किरपिच्निकोवच्या पुढाकाराने, त्याच तुकडीने पुन्हा बाहेर पडायला नकार दिला. कॅप्टन लाश्केविच मारला गेला आणि बंड शेजारच्या बराकींत पसरलं.

तिथेही पुन्हा रेल्वेच आहे. २८ला दुमाचा (संसदेचा) सदस्य बुब्लिकोव याने रेल्वेचं मंत्रालय ताब्यात घेतलं आणि रेल्वेच्याच तारयंत्रणेवरून सत्ता बदलल्याची बातमी देशभर पोचवली. मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयातून राजधानीकडे निघालेल्या झारची गाडी मालाया विशेराहून मागे फिरली आणि पस्कोवला गेली. २ मार्चला झारचा चीफ ऑफ स्टाफ जनरल अलेक्सेयेवने आघाडीच्या सेनापतींची मतं मागवली. रेल्वे बंद पडली तर आघाडीचा शिधा तुटेल, ही त्याची मोठी चिंता होती. सेनापतींनी गादी सोडा असं कळवलं, आणि त्याच दिवशी निकोलसने सही केली. यात राणीचा आणि रास्पुतिनचा हात कुठे दिसतो, ते तुम्हीच दाखवा.

लेनिनबद्दल एकच वाक्य पुरे: त्या आठवड्यात तो झुरिचमध्ये होता, पेट्रोग्राडला ३ एप्रिलला पोचला.